पाठीवरचा डबा

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा डबा आहे. माझ्यातले तेल केव्हाच संपले. आता माझ्या पोटात काहीच नाही, आणि तरीही माझे तोंड कथलाचा डाग देऊन पक्के बंद केले आहे. रिकाम्या डब्याला कोण कशाला बंद करेल, असे तुम्ही म्हणाल. लोक तर म्हणतात, रिकामे भांडे फार वाजते. म्हणोत बापडे! माझ्या पोटात नुसती हवा आहे, पण त्या हवेवर एका गावातली कितीतरी पोरे पोहायला शिकली.

पाचोडच्या बाजारात एका किराणा दुकानदाराने मला दुकानाबाहेर फेकले होते. तिथून मला बन्सी नावाच्या शेतकऱ्याने उचलले. त्याने मला सोड्याच्या गरम पाण्याने धुतले, उन्हात वाळवले आणि बाजारातल्याच एका कारागिराकडून माझे तोंड बंद करून घेतले. माझ्या कडा पोरांच्या पाठीला लागू नयेत म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या माझ्याभोवती गुंडाळल्या. दिवाळीच्या सुट्टीत त्याची विहीर भरलेली असे आणि काठावर पोरांची रांग लागे. बन्सी मला एकेकाच्या पाठीवर बांधायचा आणि म्हणायचा, "मार उडी. डबा बुडत नाय, मग तू कसा बुडशील?"

रडत आलेले पोर पाण्यात पडले की त्याचा सगळा भार माझ्यावर यायचा. घाबरलेल्या जिवाची छाती कशी धडधडते, ते मला पाठीमागून कळायचे. मग हळूहळू हातपाय हलू लागायचे, धडधड कमी व्हायची. आणि एके दिवशी बन्सी पोहता पोहता पोराच्या नकळत माझी गाठ सोडायचा. मी एकीकडे, पोर एकीकडे! मागे कुणी नाही हे त्याला कळायचे तेव्हा ते विहिरीच्या मध्यावर असायचे. मला सोडून गेले की ते पोर शिकले, असा माझ्या धंद्याचा न्याय आहे. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

त्या सगळ्यांत बन्सीची मुलगी सायली निराळी होती. बन्सीने तिची गाठ सोडली तेव्हा ती मागे वळून हसली आणि मलाच ओढत काठाला घेऊन आली. पुढे ती विहिरीच्या कठड्यावरून सूर मारी आणि तळातली माती मुठीत घेऊन वर येई. इतका वेळ श्वास कोंडे की काठावरच्या बायका घाबरून हाका मारत. बन्सी तिला म्हणायचा, "पोरी, देवानं तुला पाणी दिलंय. त्याचं चीज कर."

तिचे लग्न शेंद्र्याजवळच्या एका गावात ठरले. मुलगा इंद्रजीत, कंपनीत कामाला, घरी थोडी शेती. बन्सीने मला निळा रंग दिला, वर पांढरी फुले काढली आणि चक्क रुखवतात मांडले! शेवया, कुरडया, स्टीलची भांडी आणि त्यांच्यामध्ये मी. वऱ्हाडी पोट धरून हसले. "रुखवतात डबडं?" असे कुणीतरी म्हणाले. बन्सी म्हणाला, "नातवंडांना पोहायला शिकवायला दिलंय." माझी मान ताठ झाली. डब्याला मान नसते म्हणता? त्या दिवशी मला होती.

सासरी मात्र माझ्या पुढ्यात निराळेच वाढून ठेवलेले होते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शेजारच्या कडुबाची शेळी विहिरीत पडली. काठावर नुसता आरडाओरडा चालला होता. सायली तिथून जात होती. तिने पदर खोचला आणि उडी मारली. शेळीच्या गळ्यात दोर अडकवून तिला वर पाठवले, मग स्वतः पायऱ्यांनी आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडुबा तर हात जोडून उभा राहिला. पण कुणीतरी मोबाईलवर सगळे चित्रित केले होते, आणि दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या कँटीनमध्ये पोहोचले. "काय इंद्र्या, घरात मगर पाळली का?" असे मित्र म्हणाले. इंद्रजीत वाईट माणूस नाही, पण चेष्टा सोसायला जो जाड पत्रा लागतो तो त्याच्याकडे नव्हता. घरी येऊन तो जेवला नाही.

त्याची आई लक्ष्मीबाई. ती सायलीला म्हणाली, "सून हायेस का बेडूक? ओल्या लुगड्यानं चारचौघांत वर आली. आन काय इपरीत झालं असतं तर तुझ्या बापाला मी काय तोंड दावलं असतं?" तिच्या बोलण्यात लाज होती आणि भीतीही होती. पुढे एकदा कडुबाच पुन्हा दारी आला. त्याच्या विहिरीतल्या मोटारीचा दोर निसटला होता. लक्ष्मीबाईने त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. मोठ्याने, आजूबाजूला ऐकू जाईल असे ती म्हणाली, "आमची सून पाण्यात उतरत नाय. पुन्यांदा कुणी या कामाला तिला बोलवायचं नाय. गावात सांगा समद्यांना." कडुबाने ते गावात सांगितले.

मग माझी पाळी आली. बाजरी ठेवायला डबा हवा म्हणून लक्ष्मीबाईने छन्नी आणि हातोडी आणली. माझा वरचा पत्रा ती कापणार होती. मित्रांनो, कापला असता तर मी चांगला डबा झालो असतो, पण मी पाण्यावर पुन्हा कधी तरंगलो नसतो. सायलीने मला पोटाशी धरले. "आत्याबाई, याला कापू नका. पाहिजे तर माळ्यावर टाका. मी पुन्हा नाव काढणार नाय." तेवढ्या एका अटीवर मी वाचलो. तिने मला न्हाणीवरच्या माळ्यावर ठेवले, पोत्यांच्या मागे.

तिथे मी वर्षानुवर्षे पडून राहिलो. प्रेरणा जन्मली, चालू लागली, शाळेत जाऊ लागली. जिच्यासाठी मी रुखवतात आलो होतो ती माझ्या खालून रोज आंघोळ करून जायची आणि तिला माझे नावही माहीत नव्हते. कधी कधी सायली न्हाणीत यायची, बादली काठोकाठ भरायची आणि तिच्यात तोंड बुडवून राहायची. मी वरून ऐकायचो. आधी पाण्याचा आवाज, मग काहीच नाही, बराच वेळ काहीच नाही, आणि मग एक मोठा श्वास. त्या श्वासाने माझे पोट भरून यायचे. विहिरीचा तळ गाठणारी बाई बादलीत पोहत होती.

माझा निळा रंग उडाला. एका कडेला गंज धरू लागला. वापराने झिजतो तो पत्रा निराळा आणि पडून सडतो तो निराळा. माझ्या वाट्याला दुसरा भोग आला.

आता जे सांगायचे ते सांगवत नाही, पण सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी निशाचा मुलगा विश्वजीत त्यांच्या शेततळ्यात पडला. निशा म्हणजे आमची शेजारीण. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरते. आत घसरलेल्याला चांगले पोहता येत असले तरी वर चढता येत नाही, मग लहान पोराची काय कथा! निशा ओरडली, माणसे जमली. पण पोहता येणारे कोण होते? म्हातारे थकलेले, तरुण कंपनीत पाळीवर, आणि उरलेल्यांनी पाणी पाहिले ते टँकरचे आणि नळाचे. कुणी दोर टाकला, कुणी शिडी आणायला धावले, कुणी शहरात अग्निशमन दलाला फोन लावला.

आमच्या मागच्या दारातून त्या तळ्याचा बांध दिसतो. सायली पडवीत गहू निवडत बसली होती. कूलरच्या घरघरीत तिला बाहेरचे काही ऐकू आले नाही. आणि तिला बोलवा असे कुणाच्याही तोंडून निघाले नाही. त्या घरची सून पाण्यात उतरत नाही, हे गावाला पाठ झाले होते.

शेवटी प्रेरणा धावत आली. "आई, विशूदादा तळ्यात पडला!" गव्हाचे सूप उलटले. सायली अनवाणी पळाली. दोर कमरेला बांधून तिने उडी मारली आणि विश्वजीतला पहिल्याच बुडीत वर आणले. पहिल्याच बुडीत, मित्रांनो. पण तोपर्यंत फार उशीर झाला होता.

ती ओल्या लुगड्याने गावातून घरी आली. लक्ष्मीबाईने टॉवेल घेतला आणि स्वतः तिचे केस पुसले.

दिवसकार्य झाल्यावर निशा आमच्या दारात आली. डोळे कोरडे झाले होते. मागे कडुबा उभा होता. निशा म्हणाली, "सायली, तुला येत व्हतं ना गं? मग तू कुठं व्हतीस?"

"मला कुणी सांगितलंच नाय, ताई," सायली म्हणाली.

"आमी कसं सांगावं?" कडुबा खाली बघून म्हणाला. "लक्ष्मीबाईनंच बजावलं व्हतं."

निशाने लक्ष्मीबाईकडे पाहिले. सायलीने पुढे होऊन काही बोलायला तोंड उघडले, तेव्हा सासूने तिला हाताने थांबवले. "व्हय, मीच," ती म्हणाली. "हिला काय बोलू नको, निशा. हिला मी घरात बसवली." निशा उलट पावली निघून गेली.

त्याच दिवशी लक्ष्मीबाई गुडघे धरत शिडी चढली. पोती बाजूला सारून तिने मला ओढले. मला वाटले, आता छन्नी आणणार. तिने पदराने माझी धूळ पुसली आणि मला सायलीसमोर ठेवले. "देवानं तुझ्या पदरात घातलं व्हतं," ती म्हणाली, "आन मी ते माळ्यावर टाकलं. आता टाकून ठेवू नको, बाई." मग ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिले नव्हते.

सायलीने मला बादलीत दाबून पाहिले तर माझ्या कडेतून बुडबुडे आले. गंजाने मला भोक पाडले होते. डाग देणारे आता कुठे मिळतात? इंद्रजीतने मला मोटारसायकलवर बांधले आणि शहरात शहागंजच्या गल्ल्यांतून एक म्हातारा कारागीर शोधून काढला. रस्त्यात कंपनीतला एक मित्र भेटला. "हे डबडं कुठं घेऊन चाललास?" त्याने विचारले. "बायकोचं हाय," इंद्रजीत म्हणाला. "पोरांना पोहायला शिकवती ती." हे सांगताना त्याने मान खाली घातली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कडुबाची विहीर भरली. पहिल्या दिवशी सायली पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरली. काठावर लक्ष्मीबाई खुर्ची टाकून बसली, आणि प्रेरणाच्या पाठीवर माझी पहिली गाठ तिनेच मारली. हळूहळू गावातली पोरे येऊ लागली. निशा मात्र आली नाही. तिने आमच्या घराशी बोलणे टाकले होते, आणि तिला कोण नावे ठेवणार?

सुट्टी संपत आली तेव्हा एका सकाळी ती विहिरीच्या काठावर दिसली. आपल्या धाकट्या मुलीचा, रूपाचा हात धरून उभी होती. खाली बसून तिने पोरीच्या चपला काढल्या आणि तिला सायलीकडे ढकलले. सायलीने मला उचलून रूपाच्या पाठीवर बांधले. ती इवलीशी पाठ थरथरत होती. रूपाने वळून माझ्यावरून हात फिरवला आणि आईला विचारले, "आई, दादाला हा का नव्हता बांधला?"

लक्ष्मीबाईने डोळ्यांना पदर लावला. सायलीने रूपाला कडेवर घेतले आणि पाण्यात उतरली.

मित्रांनो, त्या पोरीशी मला बोलता आले असते तरी मी तिला काय सांगितले असते? मी तेव्हाही तिथेच होतो. पोत्यांच्या मागे, हवेने भरलेला, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. तुमच्या घरात कुणाच्या गळ्यात गाणे असेल, कुणाच्या हातात कला असेल, कुणाच्या अंगात पाणी असेल. लोक काय म्हणतील म्हणून ते माळ्यावर टाकू नका, आणि कुणाला टाकायला लावू नका. रूपा आता माझ्यावर भार टाकून हातपाय मारते आहे. पुढच्या सुट्टीत सायली तिच्या नकळत माझी गाठ सोडेल. निशा रोज काठावर बसून त्या गाठीकडे बघत असते.