पगरा महिला व्यायामशाळा

मित्रांनो, भिंगारला सत्यशीलाबाईंच्या घरी राहणारा मी एक जुना शब्दकोश आहे. माझ्या पानांवर अरामी भाषेचे शब्द आहेत. प्रभू येशू हीच भाषा बोलत असे. बाईंचे वडील चर्चचे पाळक होते. ते रोज मला उघडत आणि समासात पेन्सिलीने मराठीत टिपणं लिहीत. 'याच्याइतका विद्वान सोबती मला दुसरा नाही,' असं ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा मला फार बरं वाटे. ते गेले आणि शिलाई मशीनचा डुगडुगणारा पाय माझ्यावर टेकला. बारा वर्षं मी तो भार सोसला.

सत्यशीलाबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी नागापूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांसाठी व्यायामशाळा काढली. वडिलांच्या तोंडून ऐकलेला 'पगरा', म्हणजे शरीर, हा शब्द त्यांनी हौसेने पाटीवर रंगवून घेतला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांची भाची धनश्री मोबाईल घेऊन आली.

"आत्या, यात तर पगराचा अर्थ प्रेत दिलाय."

बाईंचा चेहरा उतरला. मशीन सरकवून त्यांनी मला बाहेर काढलं आणि चिकटलेली पानं हलक्या हाताने सुटी केली. वडिलांचं टिपण जागेवर होतं: 'पगरा. जिवंत शरीर, मृत शरीरही. फार जुना शब्द. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) मातीच्या पाट्यांवर पगरू. हिब्रूत त्याच मुळाचं क्रियापद: दमून गळून जाणे.'

सकाळी जमलेल्या बायकांना बाईंनी ते टिपण वाचून दाखवलं. "मन कचरत असेल तर नाव बदलू," त्या म्हणाल्या. मग पॅकिंगचं काम करणाऱ्या झुंबरबाई पुढे आल्या.

"बाई, आठ तास उभं राहून आमी रोज दमून गळतो. घरी मढ्यावानी पडतो. आन् सकाळी परत जित्या हुतो. तिन्ही अर्थ आमचेच हायेत. ऱ्हाऊ द्या पाटी."

सगळ्या खळखळून हसल्या. बाई हसता हसता डोळे पुसत होत्या. त्या दिवशी चाळीस जणींनी नावं नोंदवली.

आता मला खाकी कव्हर आहे आणि दाराजवळच्या टेबलावर जागा आहे. व्यायाम झाला की झुंबरबाई रोज एक नवा शब्द विचारतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही अडगळीत एखादं पुस्तक असेल. त्याची धूळ पुसा, त्याला सावलीतला वारा द्या. आणि पान उलटताना बोट ओलं करू नका. आम्हाला गुदगुल्या चालतात, ओल नाही.