वहिनीच्या मोबाइलची साफसफाई

पंधरा दिवस तिने ऑफिस नुसतं डोक्यावर घेतलं होतं. घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या नर्सांसाठी ॲप करायचं होतं आणि तिचं एकच पालुपद, वेब ॲप करा! ब्राउझरमध्ये उघडतं, जुनाट मोबाइलवरही चालतं, नेट नसलं तरी नोंद जपून ठेवतं. मग दोन तऱ्हेच्या मोबाइलांसाठी दोन वेगळी ॲप्स लिहायचा उपद्व्याप हवाय कुणाला? शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला ‘नेटिव्हच हवं, थेट मोबाइलमध्येच बसवलेलं’ म्हणून अडून बसला होता, पण हिच्या तोंडाला लागायची कुणाची बिशाद? साहेब जवळजवळ वळले होते. दुपारी शिक्कामोर्तब व्हायचं होतं.

सकाळी चाचणीसाठी ती वहिनीबरोबर निघाली. वहिनी वीस वर्षं मुरलेली नर्स. तळघरातल्या एका खोलीत मधुमेही आजी राहत होत्या. तिथे नेटचा पत्ता नव्हता. वहिनीने इन्सुलिन टोचलं, मोबाइलवर नोंद केली, हिरवी खूण आली.

“बघितलंस वहिनी? नेट आलं की नोंद आपोआप पुढे जाईल.”

“हुशार हो आमच्या वन्सं!” वहिनी हसली. हिची मान अशी काही ताठ झाली, की विचारू नका.

जिना चढता चढता वहिनीने ब्राउझरमधलं सगळं पुसून टाकलं.

“अगं, हे काय केलंस?”

“रोजचंच की. रिपोर्ट ब्राउझरमध्येच बघतो ना आम्ही. घरातून निघालं की पुसायचं, आमच्या मोठ्या नर्सबाईंचा नियम आहे. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या घरात दिसायला नको.”

तिने मोबाइल जवळजवळ हिसकावलाच. आजींची नोंद गेली होती. कायमची.

“वहिनी, दुपारी दुसरी नर्स येईल ती...”

“सकाळचं राहिलंय समजून परत टोचेल.” वहिनीचाही चेहरा उतरला. तिने उभ्या उभ्या फोन लावून त्या नर्सला कळवलं.

ही जिन्यातच थबकली. आज आपण शेजारी होतो म्हणून निभावलं. उद्या काय?

दुपारी साहेबांनी सहीसाठी पेन काढलं.

“थांबा साहेब. माझं चुकलं. नेटिव्हच करा, ब्राउझर पुसला तरी त्यातली नोंद राहते,” म्हणत तिने सगळं सांगून टाकलं. चष्मेवाला आ वासून बघत राहिला.

“पंधरा दिवस भांडलीस आणि आता कोलांटउडी?” साहेब भडकले. “नर्सांना सांगू, पुसू नका म्हणून. विषय संपला!”

“त्यांचा नियम बरोबर आहे, साहेब. मीच त्यांना काही न विचारता इथे बसून अकलेचे तारे तोडले.”

“सहा आठवडे जास्त लागतील.”

“लागू देत.”

“लोक हसतील तुला.”

“हसू देत. आजींना दुसऱ्यांदा टोचलेलं इन्सुलिन मला परत काढता येणार नाही.”

साहेबांनी सही न करताच पेन खिशात टाकलं. तिने आपली खुर्ची उचलली आणि सगळ्यांच्या देखत चष्मेवाल्याच्या टेबलाशी नेऊन ठेवली.

“मला यातलं ओ का ठो येत नाही,” ती म्हणाली. “पहिल्यापासून शिकव.”