एकसष्टचा गोल

गुणाजी परबच्या पायाला जन्मात कधी धड बॉल लागला नाही, पण वाकोल्याच्या नवप्रभात क्लबची एकही मॅच त्याने चुकवली नाही. संपात गिरणी गेली, तेव्हा घरात बसून पंख्याकडे बघण्यापेक्षा त्याने क्लबचा इतिहास लिहायला घेतला. शहाऐंशीत क्लबच्या एकुलत्या एका कपाला पंचवीस वर्षं होत होती. त्या समारंभात पुस्तक वाटायचं ठरलं.

सगळं लिहून झालं. अडलं त्या फायनलच्या गोलपाशी. टीममधला दत्ताराम म्हणायचा, मी मारला. त्याच्या जोडीने पुढे खेळणारा सीताराम म्हणायचा, मी. त्या गोलवरून दोघे पंचवीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्याचं नाव छापलंस तर समारंभाला पाय ठेवणार नाही, असं दोघांनीही बजावलेलं. गुणाजी स्वतः तेव्हा मैदानावर होता, पण पाऊस असा की गोलसमोर म्हशींचा कळप लोळतोय एवढंच दिसलं.

कमिटीने सांगितलं, 'आपल्या एका खेळाडूने गोल केला' असं लिहून टाक. गुणाजीचं डोकं फिरलं. इतिहास म्हणजे काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे, सगळ्यांना खूश ठेवायला? गोल कोणाचा ते सांगायची छाती नसेल तर कप भंगारात घाला, असं कमिटीच्या तोंडावर बोलून तो बाहेर पडला.

रस्त्यात त्याच्या लक्षात आलं, आपण विचारलं ते जिंकलेल्यांना. हरलेल्यांना कोणी विचारलंच नाही.

हरलेली टीम वेसाव्याची. त्यांचा बॅक लहू कोळी किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेला सापडला. प्रश्न पुरा व्हायच्या आत तो हसायला लागला. गोल तुमच्यातल्या कोणाचाच नाही, म्हणाला. बॉल बाहेर चालला होता, माझ्या गुडघ्याला लागून आत गेला. पुढे कितीतरी दिवस सगळं गाव त्याला 'गुडघा' म्हणूनच हाक मारत होतं.

जन्मभर मिरवलेला एकच कप, तोही परक्याच्या गुडघ्याचा. गुणाजी गप्प राहिला असता तर कोणाला कळणार होतं?

"लिवशील ना रं?" लहूने विचारलं. "नाव पुरं लिव. लहू हरेश्वर कोळी. एवढं ऐकून घेतलं, छापून तरी येऊ दे."

गुणाजीने तसंच छापलं.

पुस्तक वाटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दत्ताराम आणि सीताराम एकदमच त्याच्या दारात उभे. दोघेही भांडायलाच आलेले. गुणाजीच्या बायकोने, रत्नप्रभाने, दोघांना एकाच बाकड्यावर बसवलं, कारण घरात दुसरं नव्हतं. गुणाजीच्या सात पिढ्या उद्धरून झाल्या, दोघांना दम लागला, चहा आला.

सीतारामने बशीत फुंकर मारली. "दत्त्या, खरं सांग. तुझ्या पायाला लागला होता बॉल?"

"लागला होता रे, नखाला. पण चालला होता बाहेरच."

"मग गोल गोल म्हणून बोंबलत का सुटलास?"

"तू बोंबललास म्हणून. तुला एकट्याला खांद्यावर घेतलं असतं ना, मेल्या."

हसता हसता सीतारामला चहाचा ठसका लागला. दत्ताराम त्याची पाठ थोपटत राहिला, आणि थोपटता थोपटता गुणाजीला शिव्या देत राहिला.