रायवळावरचं औषध

"तिथं नाय, जरा वर. तिथनंच भुसा गळतो," भागीरथीमावशी म्हणाल्या.

राजरत्नने आंब्याच्या खोडातल्या भोकात सायकलच्या चाकाची तार सरकवली, पिळली आणि ओढली. टोकाला बोटाएवढी पांढरी अळी लटकत आली.

"भिरूड. अजून एक आहे आत, ते खोल गेलंय. औषधानेच मारावं लागेल."

"जगंल का रं?"

"जगेल मावशी. मी सांगतो ना."

त्याने पिचकारीने भोकात औषध सोडलं, कापसाचा बोळा ठोकला आणि वरून चिखल लिंपला. झाड रायवळ होतं, मावशींच्या शेताच्या बांधावरचं. शेत बिल्डरला दिलं, बदल्यात तळमजल्यावर फ्लॅट आला आणि हेंद्रेपाड्यातल्या त्या सोसायटीच्या आवारात बांधापैकी हे झाड तेवढं उरलं.

राजरत्नची ही औषधोपचाराची पहिलीच केस. वीस वर्षं त्याने फक्त छाटलं आणि तोडलं होतं. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत त्याला फोन यायचा तो मेलेल्या झाडासाठी, नाहीतर लोकांना नकोशा झालेल्या झाडासाठी. शेवटी त्याला त्याचा वीट आला. आठ दिवस दापोलीच्या कृषी विद्यापीठात राहून तो शिकून आला, फवारणीचा पंप घेतला आणि बोर्डवर 'छाटणी, तोडणी'च्या खाली 'झाडांचे औषधोपचार' अशी ओळ रंगवली. पाच महिने त्या ओळीकडे कुणी बघितलं नाही. उल्हासनगरचा एक कापडवाला तेवढा हसला. "साईं, झाड को इंजेक्शन? काट दो ना, लफडा खतम!" घरी बायको यशोधराही म्हणाली, "पुस ती ओळ. आपल्याला काय डॉक्टर समजणारेत का लोक?"

म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर जेव्हा म्हणाले, "राजरत्न, लेटरहेडवर लेखी द्या. फाइलला लागतं, मग पुढच्या औषधाचं बिल पास करून घेतो," तेव्हा त्याला कोण आनंद झाला! लेखी! त्याच्या मताला पहिल्यांदाच कुणी कागदाची किंमत दिली होती. रात्री जेवण बाजूला ठेवून त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'खोड किडीने पोखरले आहे.' आणि खालच्या ओळीत: 'उपचार चालू आहेत. झाड वाचेल.' सही केली, शिक्का मारला.

माघ लागला तेव्हा कमळाकरांचा फोन आला.

"पालिकेची परवानगी आली बरं का. शनिवारी माणसं घेऊन या."

"कसली परवानगी?"

"तोडायची. चार गाड्यांचं पार्किंग होईल तिथे. अर्जाला तुमचंच लेटर जोडलंय."

राजरत्न तसाच धावला. फाइलमधल्या झेरॉक्सवर पहिली ओळ होती, सही होती, शिक्का होता. दुसरी ओळ कोऱ्या कागदाच्या पट्टीने झाकून झेरॉक्स काढलेली.

"साहेब, हे खोटं आहे!"

"खोटं कसं? पोखरलेलं आहे हे तुम्हीच लिहिलंत ना? आणि तुमचा धंदा तोडण्याचाच आहे, मग कशाला तापताय? नसेल जमत तर शहाडचा माणूस तयार आहे. तो एका झटक्यात आडवं करतो."

आडवं म्हणजे मावशींच्या खिडकीवर. राजरत्नला स्वतःच्याच हाताचा राग आला. दोन्ही वाक्यं एकाच ओळीत लिहिली असती तर काय बिघडलं असतं? त्याने पालिकेत विरोधाचा अर्ज टाकला. उत्तर यायच्या आत शनिवार उजाडला.

तो स्वतः चढला. कमरेला दोर, हातात करवत. झाडाला मोहर आला होता. चार वर्षांत पहिल्यांदा, असं मावशी मागे म्हणाल्या होत्या. एकेक फांदी दोराने बांधून त्याने अलगद खाली सोडली. त्याचा गडी संतोष खालून ओरडला, "भाऊ, एवढं काय सांभाळतो? तोडायचंच आहे ना!"

"गप रे! दोर धर."

दुपारपर्यंत बुंधा उरला. शेवटचा काप बरोबर लिंपलेल्या भोकातून गेला. कापसाचा बोळा जागेवर होता. त्याच्या मागे भिरूड वाळून काडी झालं होतं. भोकाभोवतीचं लाकूड घट्ट, पिवळंधमक. औषध लागलं होतं.

त्याने पटकन मूठभर भुसा त्यावर टाकला. मावशी चहाचा पेला घेऊन मागे उभ्या होत्या.

"वाचला आसता का रं?"

खरं लिहून झाड गेलं होतं. आता खरं बोलून या बाईला काय द्यायचं?

"नाही मावशी. आतून पार गेलं होतं."

मावशी खाली बसल्या. त्यांनी भुसा बाजूला सारला आणि कापावरून सावकाश हात फिरवला. हात चिकाने ओला झाला. तो त्यांनी पदराला पुसला.

"च्या घे," त्या म्हणाल्या, "निवल."