बोटीची सहा ठिगळं

ग्यानोबा पालथ्या बोटीच्या पोटावर मुठीने टकटक करत पुढे सरकत होता आणि मी छत्री धरून त्याच्या मागे. चांगल्या जागी टणक आवाज यायचा. फायबर आतून सुटलेल्या जागी बद्द वाजायचं. बद्द वाजलं की तो थांबायचा, पुन्हा वाजवून खात्री करायचा आणि खडूने गोल काढायचा. मला भोकं चारच दिसत होती. त्याने सहा गोल काढले.

"चार उघडी हायती, सायब, दोन झाकलेली," तो म्हणाला. "झाकलेली लई वंगाळ."

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. जिल्ह्याच्या वाटणीत टेबलं, कपाटं आमच्या वाट्याला आली, तशीच पुरात वापरायची ही फायबरची जुनी बोटही आली. पूर काही आला नाही. बोट बोरतळ गावच्या तळ्याकाठी उन्हात पडून राहिली, गुराखी तिच्यावर नेम धरून दगड मारत राहिले. आणि मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने दडी मारल्यावर अचानक सगळ्यांना तिची आठवण झाली. तळ्यातलं पाणी आटत आटत मधल्या खोलगटात गेलं होतं आणि काठावरच्या विहिरीतला पाइप वारा ओढत होता. मोठ्या साहेबांनी डोकं चालवलं. बोटीत डिझेलचा पंप ठेवायचा, बोट पाण्याच्या मधोमध न्यायची आणि उरलंसुरलं शहराला ओढून द्यायचं.

फायबरचं काम येणारा माणूस पंचक्रोशीत एकच निघाला आणि तो आमच्याच खात्यात रोजंदारीवर होता. ग्यानोबा तळ्याचा चौकीदार. तरुणपणी सहा वर्षं हैदराबादला कूलरचे फायबरचे डबे बनवायच्या कारखान्यात होता. आई आजारी पडली म्हणून आला तो इथलाच झाला. तळ्याखाली बौद्धवाड्याची एकोणीस घरं होती, त्यातलं शेवटचं त्याचं. या घरांचं पाणी म्हणजे तळ्याच्या पोटात ग्यानोबानेच खणलेला झरा. गावातल्या आडावर वाड्याला कोणी बंदी केलेली नाही, असं सरपंच शेषेराव मला दोनदा सांगून गेले होते. मात्र तिथे वाड्यातलं कोणी जात नव्हतं, हेही मी पाहत होतो.

मी नोकरीत नवा, सव्वीस वर्षांचा ओव्हरसियर. बोट दुरुस्त करायची म्हटल्यावर ग्यानोबाने एकच विचारलं. मधलं पाणी ओढलं तर झऱ्याचं काय? मी सांगितलं, पंप चालू झाला की पहिली तोटी तुमच्या वस्तीला. मोठे साहेब जीपमध्ये बसता बसता तसं बोलले होते. कागदावर काही नव्हतं. पण मला ते खरं वाटलं, कारण खरं वाटून घेणं सोयीचं होतं. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना स्वतःची लाज वाटते.

ग्यानोबा पहाट फुटायच्या आत कामाला लागायचा. ऊन चढलं की रेझिन, म्हणजे फायबर जोडायचा चिकट रस, दम धरत नाही, असं त्याचं म्हणणं. भोकाच्या कडा तो घासून घासून बशीसारख्या उतरत्या करायचा. मला वाटायचं, हा भोक बुजवायचं सोडून वाढवतोय कशाला. तो म्हणाला, कड उभी ठेवली तर ठिगळ नुसतं चिकटतं, उतरती केली तर मुरतं. मग आतल्या बाजूने प्लास्टिक लावलेला पुठ्ठा, वर काचेच्या धाग्यांची मॅट, आधी लहान तुकडा, मग मोठा, मग त्याहून मोठा. प्रत्येक थरावर रेझिन लावून ब्रशने दाबत दाबत तो हवेचा बुडबुडा न् बुडबुडा बाहेर काढायचा. शेताची नांगरटही कोणी इतक्या मायेने करत नसेल.

तिसऱ्या भोकाला घात झाला. रेझिन घट्ट करणारं हार्डनर टाकून पुरतं ढवळून होतंय तोच डबा हातात तापला, त्यातून धूर निघाला आणि बघता बघता सगळं रेझिन दगड होऊन बसलं. त्या वर्षीचं ऊन हैदराबादच्या हिशेबात बसणारं नव्हतं. आता एकच डबा उरला होता.  ग्यानोबा खाली बघत म्हणाला, डबा गार पाण्यात ठेवून कालवावा लागेल.

पाण्याचं नाव निघालं आणि आम्ही दोघंही झऱ्याच्या वाटेकडे बघू लागलो.

त्याची बायको धुरपताबाई झऱ्यावरून येत होती. एक घागर भरायला वाटीवाटीने तास जायचा. ती उभी राहून ऐकत होती. तिने घागर उतरवली आणि अर्धी घमेल्यात ओतली. मग मला म्हणाली, "तोटी कुठं बसवनार, सायब?"

मी वस्तीच्या तोंडाशी असलेल्या लिंबाच्या झाडाकडे हात केला. तिने तिकडे नीट बघून घेतलं, मान हलवली आणि उरलेली अर्धी घागर घेऊन गेली.

पुढची सगळी ठिगळं त्या घमेल्यातल्या पाण्यावर झाली. चौथ्या दिवशी ग्यानोबाने बोट पुन्हा मुठीने वाजवली. साऱ्या अंगाने ती टणक बोलली. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं.

"आता हिच्यातून थेंब जायचा न्हाई," तो म्हणाला. "आत बी न्हाई, भाईर बी न्हाई."

पंप बोटीत चढला, बोट पाण्यात गेली आणि शहराकडे पाणी सुरू झालं. पाइप लिंबाच्या झाडाजवळूनच गेला. तोटीचं विचारलं तर साहेब म्हणाले, मध्ये जोड दिला तर पाण्याचा दाब कमी होईल. मी पत्र लिहिलं. आठवड्याने दुसरं लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि तिसरं लिहायची माझी हिंमत झाली नाही.

नवव्या दिवशी झरा आटला. पाणी उतरेल तशी बोट रोज खोल जागी सरकवायची असायची आणि ती ग्यानोबाच सरकवायचा, कारण चौकीदार तोच. दुपारी तो काठावर माझ्या शेजारी येऊन बसला. पंप धडधडत होता.

"म्या ही नीट केली नसती तर, सायब?"

दुसऱ्या कुणीतरी केली असती, असं मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. "केली असती. पर आमच्या तोंडचं पानी आमच्याच हातानं गेलं, असं तर झालं नसतं." आणि तो उठून बोट सरकवायला गेला, कारण पंप हवा ओढू लागला होता.

बाविसाव्या दिवशी बोट चिखलात बसली. पंप काढून नेला. शहराला दुसरीकडून पाणी मिळालं, बोरतळला तिसऱ्या दिवसाला एक टँकर मंजूर झाला. पण टँकर रिकामा कशात करायचा? गावचा आडही आटलेला आणि त्याचा तळ फुटका, पाणी टाकलं की जिरायचं. शेषेराव म्हणाले, बोट आहे की. आठ-दहा बैल जुंपून बोट ओढत आणली आणि वेशीजवळ ठेवली. भरलेल्या पाण्याच्या वजनाने फुटू नये म्हणून ग्यानोबाने खाली वाळूची गादी केली, बाजूंना दगड रचले.

टँकर आला त्या दिवशी मीही होतो. कोरड्या जमिनीवर काठोकाठ भरलेली बोट बघायला पोरं धावली. शेषेरावांनी रांग लावली. आधी गाव, मग वाडा. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "भेदभाव न्हाई, सायब. निस्ता नंबर हाय."

मी वहीत टँकरची वेळ टिपली. धुरपताबाई सकाळपासून रांगेच्या शेवटी उभी होती. ग्यानोबा बोटीभोवती फिरत होता, वाकून वाकून वाळू चिमटीत धरून बघत होता. वाळू कोरडी होती. थेंबही वाया गेला नव्हता. गावाच्या घागरी भरत गेल्या, पाणी खाली खाली गेलं आणि वाड्याचा नंबर लागला तेव्हा बोटीत तळ दिसत होता. तळाला त्याची सहा ठिगळं, एकही न सुटलेलं.

ग्यानोबाने एका बाजूचे दगड काढले, खांदा लावून बोट कलती केली आणि तशीच धरून राहिला. कोपऱ्यात जमलेलं पाणी धुरपताबाईने वाटीने टिपलं. एक घागर जेमतेम पाव भरली. ती तिने वाड्यातल्या म्हाताऱ्या नागुबाईच्या हातात दिली आणि आपली रिकामी घागर काखेत घेतली. जाताना तिने एकदा लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

सगळे गेले. ग्यानोबाने बोट सरळ केली, दगड होते तिथे रचले. मग घरून जुनी पोती आणली आणि एकेका ठिगळावर नीट पसरू लागला.

"परवा येतो टँकर," तो म्हणाला. "ऊन लागून तडकाया नको."