पुढच्या भागापर्यंत उपाशी

कहाणी सांगताना समोर कोणीतरी बसलेलं लागतं. हातात चार अक्षता धरून, मधूनमधून "हूं" म्हणणारं. आमच्या सासूबाई आजऱ्याकडच्या. त्यांच्या कहाण्या मी तीस वर्षं अशाच सांगत आले, श्रावणातल्या शुक्रवारी, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरी, आठ-दहा बायकांपुढं. नियम दोनच. अक्षता हातात घेतल्या की मधे उठायचं नाही. आणि कहाणी शेवटपर्यंत ऐकून त्या अक्षता देवीपुढं ठेवल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही.

गेल्या वर्षी दिराचा विश्वजित म्हणाला, "काकी, हे रेकॉर्ड करूया की. आठ बायकांत काय मजा हाय?"

विश्वजितचा धंदाच तो. लोकांचे लांबलांब व्हिडिओ घ्यायचे, कुणाचं कीर्तन, कुणा डॉक्टरचं व्याख्यान, कुस्तीचं अख्खं मैदान, आणि त्यातून चाळीस-पन्नास सेकंदांचे तुकडे काढायचे. तालमीशेजारी कोल्ड्रिंकच्या दुकानावर त्याची खोली आहे. भिंतींना काळा स्पंज लावलाय, त्याला कायम शिळ्या तर्रीचा वास. मी बसते तिथं मागं देवीचा फ्लेक्स लावलेला असतो. पहिल्या दिवशी पंख्यानं फ्लेक्सचं टोक उडालं तेव्हा दिसलं, मागं चपलांची मांडणी आहे. घरी जाऊन पुन्हा अंघोळ केली आणि पुढच्या आठवड्यात परत तिथंच जाऊन बसले.

हेही लिहिलं पाहिजे, की मला ते आवडायला लागलं होतं. महाद्वार रोडला फुलवाली म्हणाली, "मोबाईलमधल्या काकू न्हवं तुम्ही?" तर मी गजरा घ्यायचा सोडून उगीच हसत उभी राहिले. एवढ्याशा कौतुकानं माणूस किती बघायचं सोडून देतं.

तर श्रावणातला हा दुसरा शनिवार. सोमवारची कहाणी आधीच रेकॉर्ड करायची म्हणून दुपारी बाराच्या सुमाराला मी तिथं गेले. कॉम्प्युटरवर मोना बसली होती. विश्वजितकडं कामाला असलेली ही पोरगी, वीस-बावीसची, कापाकापी सगळी हीच करते. विश्वजित एकदम खुशीत.

"काकी, या. कालचं चार लाखांवर गेलं. बसा, बघा तरी."

माझा काल सकाळचा व्हिडिओ. मी तो पहिल्यांदाच बघत होते. आता मी काय सांगितलं होतं ते आधी सांगते. एक शेतकरीण शुक्रवारचा उपास करायची. एका वर्षी तिला सातवा महिना. भाताची रोपं लावून दमली, भूक आवरेना, बांधावर बसून मूठभर पोहे खाल्ले. घरी आली तो समई विझलेली, गाय आटलेली, आणि रात्री पोटातलं हलायचं थांबलं. इथवर कहाणीचा पहिला भाग. पुढं म्हातारीच्या रूपात देवी दारात येते, उरलेले पोहे मागते, आणि पहिली मूठ त्या पोटुशीलाच भरवते. म्हणते, "उपास मी तुझ्याकडं मागितला होता, पोटातल्याकडं नाही." घास पोटात गेला आणि बाळानं लाथ मारली. पोटुशी बाईनं उपाशी राहू नये, हे सांगायलाच ती कहाणी आहे.

व्हिडिओत माझा चेहरा एवढा जवळ आणलेला की नाकावरच्या घामाचे थेंब मोजावेत. माझं सगळं थांबणं कापलेलं. मी मधे श्वाससुद्धा घेत नव्हते, कुणी पाठीमागं लागल्यासारखी बोलत होते. मागं ढोल. "पोटातलं हलायचं थांबलं" म्हटल्याबरोबर पडदा लाल, लहान बाळाचं रडणं, आणि अक्षरं आली : पुढं काय झालं? पार्ट २ साठी फॉलो करा.

स्वतःचं तोंड बघून किळस यावी असं यापूर्वी झालं नव्हतं.

"आणि पुढचं?" मी विचारलं.

"उद्या संध्याकाळी. रविवारी पब्लिक निवांत असतंय."

"अरे, काल सकाळी अर्धी कहाणी सांगून उद्या संध्याकाळी पुरी करायची?"

"त्यातच तर गंमत हाय. कमेंट बघा की, लोक नुसतं पार्ट दोन, पार्ट दोन करत बसलेत. जेवढं तंगवावं तेवढं चालतंय." त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला आणि अंगठ्यानं वर सरकवत नेलं. "ही बघा, हिनं तर कहरच केलाय."

मी चष्मा पुसून वाचलं. "काकू पार्ट २ कधी टाकणार. अक्षता घेऊन ऐकायला बसले होते, मधेच संपलं. पदरात बांधून ठेवल्यात. कालपासून पाण्यावर आहे. सातवा महिना आहे, बाळ कमी हलतंय, भीती वाटते." खाली नाव, स्वप्नाली. त्याखाली विश्वजितनं लिहिलेलं, "ताई, कुठं जाऊ नका, लवकरच!" आणि हसरा चेहरा.

ती बाई नियम पाळत होती. माझाच नियम. कहाणी पुरी झाली नाही म्हणून घास नाही.

"विश्वजित, पुढचा भाग आत्ता टाक."

"काकी, टायमिंग असतंय त्याला."

"ती पोटुशी आहे. उपाशी आहे."

"कोण उपाशी राहतंय हो? लोक कमेंटला काय पण लिहितात. आणि खरंच असलं तर जेवंल की भूक लागल्यावर. आपण काय हात धरलाय तिचा?"

"तू हसरं चित्र टाकलंस तिला."

"एंगेजमेंट ठेवावी लागती, लोकांना बोलतं ठेवायचं असतंय." मग जरा नरमून म्हणाला, "चहा सांगू का?"

त्या खोलीत मी पाणीही पीत नाही. मी मोनाकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत हळूच म्हणाली, "काकी, तिच्या प्रोफाइलवर नंबर हाय. ब्लाउज शिवून देती ती. मलकापूरची."

"मोना, तू काम कर तुझं," विश्वजित म्हणाला.

मोनानं कागदाच्या कपटावर नंबर लिहून माझ्यापुढं सरकवला आणि केलं तिचं काम.

मी माझ्या साध्या फोनवरून नंबर लावला. बऱ्याच वेळानं उचलला. आवाज अगदी बारीक, खोल गेलेला.

"ब्लाउज आठ दिवसांनी मिळतील ताई, तब्येत बरी न्हाय."

"ब्लाउज नको बाळा. स्वप्नाली ना तू? मी कहाणीवाली काकू बोलतेय, कोल्हापूरहून. तू आधी दोन घास खा. मग मी पुढचं सांगते."

मग म्हणाली, "कशावरून तुम्ही त्याच?"

"अगं, मीच."

"व्हिडिओतल्या काकू लई भराभरा बोलतात. तुम्ही सावकाश बोलताय." मागं कुणीतरी बाई, सासू असावी, ओरडत होती. ती तिकडं तोंड करून म्हणाली, "थांबा हो आत्याबाई, फोन हाय." मग मला, "कालपासनं घरातली समदी मागं लागल्यात, खा म्हणून. आता तुम्ही बी त्यांनीच सांगून फोन केला असंल. मी पुरतं ऐकल्याबिगार न्हाय खायाची. त्या बाईनं खाल्लं, तर काय झालं बघितलं न्हवं का?"

मीच चार लाख लोकांना सांगितलं होतं, त्या बाईनं खाल्लं आणि काय झालं.

खोलीतून मी जिन्यात आले. खाली तालमीची पोरं फुटबॉलवरून भांडत होती. एक पायरी पदरानं पुसून बसले आणि म्हटलं, "बरं. नको खाऊस. अक्षता आहेत पदरात? हातात घे. मी पहिल्यापासून सांगते."

"घेतल्या."

मी सुरू केलं. घाई केली नाही. घाई करावी असं फार वाटत होतं, तिथं एक जीव हलेनासा होत होता, पण भराभरा बोलले असते तर ती पुन्हा त्या व्हिडिओतच गेली असती. शेतकरीण, रोपं, बांध. जिथं थांबायचं तिथं थांबले. पहिल्या थांब्याला पलीकडं काही नाही. दुसऱ्यालाही नाही. गाय आटली, तिथं मी थांबले आणि फोनमधून अगदी हळू आलं, "हूं."

त्या "हूं"नं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर मी भिंतीला कहाण्या सांगत होते.

तेवढ्यात मागं पावलं वाजली. विश्वजित जिन्यात येऊन उभा, मोबाईल माझ्या तोंडासमोर धरलेला. कुजबुजत म्हणाला, "काकी, स्पीकरवर टाका की फोन. तिचा आवाज येईना."

माझ्या तोंडात तेव्हा देवी दारात उभी होती. कहाणी मोडायची नाही, म्हणून त्याला काही बोलता येईना. मी तोंड भिंतीकडं केलं. तो वळसा घालून दोन पायऱ्या खाली गेला आणि तिथून धरला. मी पदर ओढून घेतला आणि पदराआडून सांगत राहिले. म्हातारीनं पोहे मागितले. मूठ भरली. पहिली मूठ तिनं पोटुशीच्या तोंडाशी नेली.

"हूं," स्वप्नाली म्हणाली. आता जरा मोठ्यानं.

"आणि म्हणाली, उपास मी तुझ्याकडं मागितला होता, पोटातल्याकडं नाही."

पलीकडं हूं आलं नाही. रडणं आलं. मी थांबले. मग शेवट केला, समई, गाय, बाळाची लाथ, सगळं. "आता अक्षता देवीपुढं ठेव," म्हटलं.

ठेवल्याचं ऐकू आलं नाही, पण तिची सासू ऐकू आली. "बस हितं. कढत हाय, फुकून खा." ताटली सरकल्याचा आवाज झाला. मी म्हटलं, "जेवून डाव्या कुशीवर पड. अर्ध्या तासात हललं नाही तर दवाखान्यात जा, कहाणीच्या भरवशावर बसू नकोस." सासूनं फोन घेतला, "व्हय बाई, मी नेती की. जीप सांगून ठेवलीया." तिच्या आवाजात माझ्याबद्दल काय होतं, ते मला कळलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मी फोन ठेवला. विश्वजित अजून उभाच.

"काकी, ते पदर घेतलेलं भारी आलंय. ह्यातलं वीस सेकंदच काढतो. खाली टाकतो, गर्भवतीचा जीव वाचवला."

मी हात पुढं केला. बघायला मागितला असं वाटून त्यानं मोबाईल दिला. मी तो घेऊन वर गेले आणि मोनापुढं ठेवला. "हे पूस बाळा, मला येत नाही."

मोनानं विश्वजितकडं बघितलं नाही. पुसलं. कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा पुसलं, असं म्हणाली.

"आणि पुढचा भाग लाव," मी म्हटलं, आणि रेकॉर्डिंगच्या पाटावर जाऊन बसले. "लागेपर्यंत मी इथनं उठत नाही."

विश्वजित बराच वेळ बोलत होता. माझं चॅनल त्यानं उभं केलं, मला कोण ओळखत होतं, वगैरे. मी त्याच्यावर आवाज चढवला नाही, चढवता येत नाही मला. त्याच्या तोंडाकडं बघताना चपलांच्या मांडणीपुढं बसून घेतलेलं देवीचं नाव आठवत होतं, आणि त्याच्याइतकीच माझी मला शिसारी येत होती. दोन वाजता कुणा पुढाऱ्याची माणसं भाषण कापून घ्यायला येणार होती, त्यांना पाट मोकळा हवा होता. पावणेदोनला त्यानं मोनाला सांगितलं, "टाक बाई एकदाचं."

चारच्या सुमाराला स्वप्नालीच्या सासूचा फोन आला. हलतंय. एवढंच बोलून तिनं ठेवला.

मी त्या खोलीत परत गेले नाही. पण मोना अधूनमधून घरी येते, तिनं आपला जुना मोबाईल मला दिला आणि त्यावर लिहायला शिकवलं. पहिला भाग आता सहा लाखांवर आहे. दुसरा बघितला एकोणीस हजारांनी. विश्वजित पहिला काढत नाही, म्हणतो, चालणारं कोण काढतं? त्याच्याखाली अजून बायका विचारतात, पुढं काय झालं. दुपारी जेवण झालं की मी चष्मा लावून बसते आणि एकेकीला लिहिते : तिनं खाल्लं बाई, आणि बाळ हललं. तुम्हीही जेवा. माझा हात सावकाश चालतो. मी पाच लिहीपर्यंत वर नवीन सात आलेल्या असतात.