दहा सेकंदांचं कुलूप

आमच्या कामाला नाव मोठं आहे, पण खरं सांगायचं तर मी पडद्यावर खोटे पेशंट बनवते. दंतवैद्यकीच्या पोरापोरींनी खऱ्या माणसाच्या तोंडात हात घालण्याआधी माझ्या पेशंटवर काय त्या चुका करून घ्यायच्या. चुकीचं उत्तर दाबलं की लाल, बरोबर दाबलं की हिरवं. माझे पेशंट कधी मरत नाहीत. 'पुन्हा प्रयत्न करा' दाबलं की आपले परत खुर्चीत येऊन बसतात.

गेल्या वर्षी 'वाईट बातमी कशी सांगावी' हा पाठ केला. काय शिकवायचं ते प्राध्यापक बाईंनी सांगितलं, वाक्यं माझी. आधी म्हणायचं, 'बातमी आपल्याला हवी होती तशी नाही.' मग आजाराचं नाव स्पष्ट घ्यायचं. आणि मग गप्प बसायचं. या गप्प बसण्यावरून मी ऑफिसात भांडले होते. पोरं थांबायची नाहीत, धडाधड पुढे जातील, म्हणून मी 'पुढे'च्या बटणाला दहा सेकंदांचं कुलूप घातलं. पेशंट नुसता बघत राहतो आणि तुम्हाला काही करता येत नाही. पोरांनी तक्रारींचा पाऊस पाडला. पाठ अडकतो म्हणे! मी म्हटलं, अडकू दे. जरा बसा की त्या माणसासमोर, मेलं काय बिघडतंय?

इकडे घरी बाबांची कवळी चार महिने टोचत होती. खालच्या हिरडीला जखम झाली होती. बाबा म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने दुरुस्त करणारा माणूस. पॉलिश पेपर घेऊन खिडकीशी बसायचे, कवळी घासायचे, घालून बघायचे, परत घासायचे. "एवढ्याशा गोष्टीला डॉक्टर कशाला?" आणि मी त्याच खोलीत लॅपटॉप उघडून 'तीन आठवड्यांत न भरलेली जखम' हा पाठ बनवत बसलेली! एकदाही म्हटलं नाही, बाबा, आ करा बघू. उलट त्या खरखर आवाजाने माझं डोकं उठायचं.

शेवटी आईनेच त्यांना दवाखान्यात पिटाळलं, नवी कवळी करून घ्या म्हणून. तिथे जखमेचा तुकडा काढून तपासायला दिला. त्याचा रिपोर्ट आज होता. आईला औषधांच्या वासाने मळमळतं, ती बाहेर बाकावर बसली. आत मी आणि बाबा.

डॉक्टर म्हणजे नुकतीच पास झालेली मुलगी. तिने खुर्ची टेबलामागून काढून बाबांच्या जवळ आणली आणि फोन उपडा ठेवला. या दोन्ही गोष्टींना माझ्या पाठात पाच-पाच गुण आहेत.

"काका," ती म्हणाली, "बातमी आपल्याला हवी होती तशी नाही."

माझंच वाक्य! शब्दन्‌शब्द माझं. मग तिने 'कॅन्सर' हा शब्द नीट, हळू उच्चारला आणि ती गप्प बसली.

बोल गं बाई, काहीतरी बोल, असं ओरडावंसं वाटलं. पण मला माहीत होतं, ती दहापर्यंत मोजतेय. मीही मोजत होते. बाबा तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. त्यांचा हात धरायला हवा होता, पण माझी बोटं पर्सच्या पट्ट्यावरून सुटेनात. सहा झाले तेव्हा त्या मुलीचे डोळे भरून आले. तिच्यावर रागावू तरी कशी? पोरीने एकही चूक केली नव्हती.

"काही विचारायचंय, काका?"

बाबांनी घसा खाकरला. "जबडा काढणार?"

"थोडा भाग काढावा लागेल. किती, ते अजून दोन तपासण्या झाल्या की सांगते."

"बरं." मग ते माझ्याकडे वळले. "आईला तू सांग. मला नाही जमायचं. तुझं तर कामच आहे हे."

अहो बाबा, मी बटणं बनवते हो! पण हे मनातच राहिलं. तोंडाने मी हो म्हटलं.

बाहेर आले. आईने पिशवी मांडीवर घेऊन मला जागा करून दिली. मी तिच्या शेजारी बसले. सगळी वाक्यं तोंडपाठ होती.

"काय गं, काय म्हणाले?" आईच म्हणाली. "कधी देतायत नवी कवळी? चार महिने सगळं घोटून घोटून घालतेय मी. माणूस अर्धा झालाय नुसता."

"पुढच्या महिन्यात," मी म्हणाले.

"सुटलो बाई एकदाचे!" तिने दाराकडे बघून हाक मारली, "अहो, ऐकलंत का? पुढच्या महिन्यात मिळतेय. मग काय हवं ते चावून खा!"

बाबा दारात येऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हो," ते आईला म्हणाले, "खाईन की."